संकेत-परिवर्तकांतील संनादी विकृती आणि तिचे निवारण

तंबोऱ्याची खरजाची तार छेडली असता ऐकणाऱ्याच्या कानी केवळ षड्जच पडतो असे नाही. ध्वनी विरत जाऊ लागला म्हणजे त्यातून पंचम उमलू लागतो, आणि कान तयार असेल तर गंधारही स्पष्ट ऐकू येतो. हा गंधार कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. म्हणूनच गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकीच्या दृष्टीने त्याचा उलगडा सोपा आहे. तारेची मूळ कंप्रता हिशेबासाठी १०० हर्ट्‌झ धरली, तर तिच्याबरोबरच २००, ३००, ४००, ५०० हर्ट्‌झ अशा पूर्णांक पटींची कंपनेही तारेत चालू असतात. त्यांस संनादी म्हणतात. तिसरा संनादी म्हणजे पंचम आणि पाचवा म्हणजे गंधार होय.

कोलकात्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करीत असता चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वीणा व तंबोरा यांच्या ध्वनीचा अभ्यास करून तो १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूपाशी छेडावी त्या बिंदूवर ज्या संनादींचा निस्पंद येतो, ते संनादी ध्वनीत उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्‌झ यांचा नियम आहे. तंबोऱ्यात व वीणेत हा नियम मोडतो, असे रामन यांना आढळले. रुंद व किंचित वक्र घोडीवर तार टेकत-सुटत राहते आणि त्यामुळे नियमाने वर्ज्य ठरलेले संनादीही जिवंत होतात, असा त्याचा अर्थ आहे.

आता एखाद्या विद्यार्थ्याने हाच प्रयोग आजच्या साधनांनी पुन्हा करावयाचे ठरविले आहे असे समजू. तो तार तिच्या एकतृतीयांश लांबीवर छेडतो, ध्वनिग्राहकातून येणारा विद्युत्‌ संकेत संगणकात घेतो आणि त्याचा वर्णपट काढतो. वर्णपटात ३०० हर्ट्‌झवर एक रेषा दिसते. ती तारेची की यंत्राची? ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणारे जे मंडल मध्ये बसलेले आहे, ते स्वतःच तिसरा व पाचवा संनादी निर्माण करीत असेल, तर तारेतून कधीच न निघालेला पंचम व गंधार कागदावर उमटेल. साधी खरखर परकी म्हणून लगेच ओळखू येते; हा दोष मात्र घरच्याच वेषात येतो. संनादी विकृती धोक्याची ती याचसाठी, आणि तिच्या निवारणाचे उपाय वरवर पाहता परस्परांपासून भिन्न असले तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच युक्ती आहे: चूक अजिबात नाहीशी करता येत नसेल, तर निदान तिचे मूळ संकेताशी असलेले नाते तोडावयाचे.

परिवर्तक आणि त्याची वक्रता

ध्वनिग्राहकातील विद्युत्‌ दाब हा ध्वनीप्रमाणे अखंड बदलत असतो. अशा संकेतास सदृश संकेत म्हणतात. ठरावीक क्षणी तो मोजून त्याचे आकडे करणारे मंडल म्हणजे सदृश-अंकीय परिवर्तक, आणि आकड्यांपासून पुन्हा दाब निर्माण करणारे ते अंकीय-सदृश परिवर्तक. ध्वनी आकड्यांच्या रूपाने पाठविण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये पॅरिस येथे मांडली. निर्वात नळ्यांच्या त्या काळात ती व्यवहारात आणणे मात्र फार खर्चाचे होते. पुढे १९८२ मध्ये घरोघरी जाण्यासाठी निघालेल्या ध्वनि-तबकडीत दर सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट असे प्रमाण ठरले. १६ बिट म्हणजे दाबाच्या संपूर्ण पल्ल्याच्या ६५,५३६ पायऱ्या.

आदर्श परिवर्तकात आत जाणारा दाब व बाहेर येणारा आकडा यांचा आलेख, पायऱ्या बारीक असल्या तर, सरळ रेषा दिसेल. प्रत्यक्षात तो थोडा वाकलेला असतो. हे वाकणे किती घातक ठरते याचा हिशेब शाळेतील त्रिकोणमितीने करता येतो. आत जाणारा संकेत शुद्ध ज्या-तरंग आहे आणि फलामध्ये त्या संकेताच्या घनाचा एक सहस्रांश भाग मिसळतो, असे माना. ज्येचा घन म्हणजे त्याच कोनाच्या ज्येची तीन चतुर्थांश पट वजा तिप्पट कोनाच्या ज्येची एक चतुर्थांश पट. याचा अर्थ, मूळ स्वराच्या चार हजारांत एका भागाएवढा, म्हणजे त्याहून ७२ डेसिबेल खाली, तिसरा संनादी आपोआप उत्पन्न झाला. आलेखात घनाऐवजी वर्गाचा अंश असेल तर दुसरा संनादी निघतो. आलेख मध्याच्या दोन्ही बाजूंस सारखाच वाकलेला असेल, तर केवळ विषम संनादी उरतात. आणि नेमके तेच पंचम व गंधार यांचे घर आहे.

यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आत जाणारा संकेत १० डेसिबेलने कमी केला म्हणजे घनापासून निघालेला तिसरा संनादी ३० डेसिबेलने कमी होतो. मोठ्या आवाजात ही विकृती उग्र असते व लहान आवाजात ती झपाट्याने मावळते. म्हणूनच परिवर्तकास त्याच्या पल्ल्याच्या अगदी टोकापर्यंत न नेता थोडी मोकळी जागा राखणे, हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. पल्ला ओलांडून शिखरे छाटली गेली, तर मात्र पुढे कोणतीही युक्ती चालत नाही.

आणखी एक अडचण आहे. दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले तर त्याच्या निम्म्यापलीकडील, म्हणजे २२,०५० हर्ट्‌झच्या वरील कंप्रता आकड्यांत मावत नाही. ती दुमडून खाली येते. १०,००० हर्ट्‌झच्या स्वराचा तिसरा संनादी ३०,००० हर्ट्‌झ असावयास हवा. पण तो परिवर्तकाच्या आत उत्पन्न झाला तर १४,१०० हर्ट्‌झवर प्रकट होतो, आणि पाचवा ५,९०० हर्ट्‌झवर. या कंप्रतांचे मूळ स्वराशी कोणतेच सांगीतिक नाते नाही. त्यामुळे संनादी म्हणून जन्मलेली विकृती कानास बेसूर लागते. नमुने घेण्यापूर्वी लावलेली गाळणी या बाबतीत निरुपयोगी ठरते, कारण दोष तिच्या पलीकडे जन्मास येतो.

पायऱ्यांचा दोष

आलेख कितीही सरळ केला तरी पायऱ्या राहतातच. दोन पायऱ्यांच्या मधला दाब जवळच्या पायरीवर नेऊन बसविला जातो आणि अर्ध्या पायरीपर्यंत चूक होते. बेल प्रयोगशाळेतील डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये या चुकीच्या वर्णपटाचे गणित मांडले. संकेत मोठा व गुंतागुंतीचा असेल तर ही चूक जवळजवळ खरखरीसारखी वागते, आणि दर वाढत्या बिटागणिक ती सुमारे ६ डेसिबेलने खाली जाते. १६ बिटांस ती पूर्ण पल्ल्याच्या ज्या-तरंगाच्या सुमारे ९८ डेसिबेल खाली असते. हा आकडा जाहिरातींतून फार मिरविला गेला. तो खोटाही नाही. परंतु त्यामागची अट बहुधा सांगितली जात नाही.

ती अट मोडते तंबोऱ्याच्या विरत जाणाऱ्या ध्वनीच्या शेवटी. कंपनाचा विस्तार एका पायरीच्या आसपास आला म्हणजे आकडे केवळ तीन उरतात: उणे एक, शून्य, एक. गोलाईदार तरंगाच्या जागी चौकोनी ठोकळे येतात. ठोकळ्यांत विषम संनादींचा भरणा असतो. आणि ते अशा वेळी येतात की जेव्हा खऱ्या स्वराचा आवाज अत्यल्प असतो. विस्तार अर्ध्या पायरीच्याही खाली गेला, की ध्वनी एकाएकी तुटतो. जणू तारेवर कोणी हात ठेवला. खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी असा कधीच तुटत नाही.

म्हणजे लहान संकेतात ही चूक खरखर राहत नाही. प्रत्येक आवर्तनात ती त्याच ठिकाणी, त्याच मापाने घडते. जी चूक संकेताच्या तालावर घडते ती संकेताचीच पटीतील कंप्रता धारण करते. संनादी विकृतीचे मर्म हेच होय. अशी चूक पुष्कळ आवर्तनांची सरासरी काढूनही कमी होत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात ती एकाच दिशेने झालेली असते.

मुद्दाम मिसळलेली खरखर

भिंतीवरील वायुभारमापकाचा काटा वाचण्यापूर्वी काचेवर बोटाने टिचकी मारण्याची पद्धत पुष्कळांस ठाऊक असते. अडखळलेला काटा त्या धक्क्याने मोकळा होतो व खऱ्या मापावर येतो. परिवर्तकास दिलेली अशीच टिचकी म्हणजे डिदर. मोजण्यापूर्वी संकेतात मुद्दाम मिसळलेली अत्यल्प, स्वैर खरखर.

एक साधे उदाहरण घेतले म्हणजे तिचे कार्य स्पष्ट होईल. आत येणारा स्थिर दाब ३.३ पायऱ्या आहे. परिवर्तक तो प्रत्येक वेळी ३ असाच वाचील. हजार वेळा वाचला तरी उत्तर ३ आणि सरासरीही ३. आता प्रत्येक वाचनापूर्वी उणे अर्धी ते अधिक अर्धी पायरी या मर्यादेतील कोणताही एक आकडा स्वैरपणे मिळविला, तर दहांपैकी सरासरीने सात वेळा ३ व तीन वेळा ४ असे वाचन येईल. त्यांची सरासरी ३.३. प्रत्येक वाचन पूर्वीपेक्षा अधिक अनिश्चित झाले, परंतु समुदायात सत्य उतरले. जो दाब पायरीच्या पोटात दडून गेला होता तो पुन्हा हाती आला. आणि अर्ध्या पायरीहूनही लहान स्वर, खरखरीच्या पडद्याआडून का होईना, अखंड ऐकू येऊ लागला. कानास खरखरीतून स्वर वेचण्याची सवय आहे. ठोकळ्यांतून वेचण्याची नाही.

चित्रांच्या बाबतीत ही युक्ती लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९६२ मध्ये वापरून दाखविली. थोड्या छटांत चित्र पाठविले असता आकाशासारख्या सौम्य भागात पट्टे पडतात. स्वैर आकडे मिसळल्यावर ते पट्टे विरघळले. ध्वनीच्या क्षेत्रात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन व्हॅन्डरकॉय व स्टॅन्ली लिपशिट्‌झ यांनी १९८४ पासून या विषयाचे गणित काटेकोरपणे मांडले. त्यांतून असे दिसून आले की, एका पायरीएवढ्या रुंदीच्या एकसारख्या वाटणीच्या खरखरीने विकृती जाते खरी, परंतु उरलेल्या खरखरीचा जोर संकेताबरोबर कमीजास्त होत राहतो व ती श्वास घेत असल्यासारखी भासते. अशा दोन स्वतंत्र खरखरी मिळवून वापरल्या म्हणजे हाही दोष जातो. एक फासा टाकला तर एक ते सहा हे सर्व आकडे सारखेच संभवतात. दोन फाशांची बेरीज घेतली तर सात अधिक वेळा पडतो व दोन किंवा बारा क्वचित. तशीच ही त्रिकोणी वाटणी होय. तिची किंमत म्हणजे एकूण खरखरीत ४.८ डेसिबेलची वाढ. सौदा स्वस्तच म्हणावयाचा.

डिदर मिसळण्याची वेळ महत्त्वाची आहे. ती पायरीवर बसविण्यापूर्वीच मिसळली पाहिजे; नंतर मिसळलेली खरखर ही केवळ खरखर होय, तिने ठोकळे मोडत नाहीत. हा नियम संगणकाच्या आतही लागू असतो. २४ बिटांचे ध्वनिमुद्रण १६ बिटांवर आणताना खालचे आठ बिट नुसते छाटून टाकण्याची चूक फार सहज घडते; त्या क्षणी आकड्यांचे पुन्हा परिवर्तनच होत असते आणि तेथेही डिदर हवीच.

वजनांचा दोष

अंकीय-सदृश परिवर्तकात दोषाचे उगमस्थान निराळे आहे. त्याचे कार्य तराजूसारखे चालते. १६ बिटांसाठी १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे, सर्वांत मोठे ३२,७६८ मापाचे, असे सोळा विद्युत्‌ प्रवाह तयार ठेवलेले असतात. आकड्यात जेथे एक असेल तेथील प्रवाह जोडावयाचा, शून्य असेल तेथील तोडावयाचा. हे प्रवाह रोधकांच्या शिडीने ठरतात आणि कोणतेही दोन रोधक तंतोतंत सारखे नसतात.

सर्वांत मोठे वजन दहा हजारांत एक भाग, म्हणजे ०.०१ टक्का, चुकले असे धरू. रोधकांच्या दृष्टीने ही अचूकता चांगलीच आहे. परंतु ३२,७६८ पायऱ्यांच्या ०.०१ टक्का म्हणजे ३.३ पायऱ्या होतात. आता पल्ल्याच्या मध्यबिंदूवर काय घडते ते पाहावे. ३२,७६७ वरून ३२,७६८ वर जाताना लहान पंधराही वजने एकदम उतरवून ते एकच मोठे वजन ठेवावे लागते. एका पायरीच्या जागी तेथे चार पायऱ्यांची उडी पडते किंवा उलट दोन पायऱ्यांची घसरण होते. हा मध्यबिंदू म्हणजेच ध्वनीचा शून्यबिंदू. अवघ्या दहा पायऱ्या विस्ताराचा कोमल स्वरही प्रत्येक आवर्तनात दोनदा येथून जातो आणि दोन्ही वेळा ठेचाळतो. थोरल्या वजनाचा दोष धाकट्या संकेतास भोवतो तो असा. आलेखाच्या वक्रतेपासून होणारी विकृती आवाज लहान होताच मावळत होती. ही मात्र आवाज लहान होईल तसतशी त्याच्या तुलनेने वाढत जाते. एखाद्या परिवर्तकाची पूर्ण पल्ल्यावरील विकृती छापील पत्रकात उत्तम दिसावी आणि मंद आलापात तो कर्कश वाटावा, याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

पहिला उपाय सरळ आहे: कारखान्यात लेसर किरणाने रोधक तासून जुळविणे. तो महाग पडतो, आणि तापमान व काळ यांनी जुळणी पुन्हा सुटते. दुसरा उपाय म्हणजे वरच्या काही बिटांसाठी दुप्पट होत जाणारी वजने न ठेवता अनेक समान वजने ठेवणे. तीन बिटांसाठी सात समान वजने घेतली, तर आकडा एकाने वाढताना एकच वजन वाढते. सर्व उतरवून नवे ठेवण्याचा प्रसंग येत नाही आणि मोठी उडी टळते.

तिसरा उपाय या सर्वांत मनोरंजक आहे. दुकानदाराजवळ एकेक किलोची सात वजने आहेत आणि प्रत्येक थोडे थोडे चुकलेले आहे. तीन किलो मागितले की तो नेहमी पहिली तीनच वजने उचलीत असेल, तर तीन किलोची चूक कायमची ठरून गेली. आलेख कायमचा वाकला आणि संनादी निर्माण झाले. त्याऐवजी तो एकदा पहिली तीन, पुढच्या वेळी चौथे ते सहावे, त्यापुढे सातवे, पहिले व दुसरे, अशी फिरती ठेवीत गेला, तर प्रत्येक मापात चूक राहील, पण ती कधी अधिक, कधी उणी. वजने मुळीच सुधारली नाहीत. तरी दीर्घकाळात गिऱ्हाईक फसले नाही. फिलिप्स कंपनीतील रुडी व्हॅन डे प्लास्शे यांनी १९७६ मध्ये प्रवाह अशा तऱ्हेने आळीपाळीने अदलाबदल करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्या कंपनीच्या पहिल्या तबकडी-वादकांतील १४ बिटांच्या परिवर्तकात ती वापरली गेली. वर दिलेली, जेथे थांबलो तेथून पुढे उचलण्याची फिरती १९९५ मध्ये बेअर्ड व फीझ यांनी मांडली. तिचा विशेष असा की उरलेली चूक मुख्यतः उच्च कंप्रतांकडे ढकलली जाते व नमुने पुरेसे दाट असतील तर साध्या गाळणीने काढता येते.

१४ बिटांच्या परिवर्तकाने १६ बिटांचे काम कसे केले, हा प्रश्न सहज उद्भवतो. तेथे नमुन्यांची संख्या आधी चौपट, म्हणजे दर सेकंदास १,७६,४०० करण्यात आली आणि प्रत्येक नमुन्यातील छाटलेला अंश पुढील नमुन्यातून वळता केला गेला. अशाने खरखर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून वर सरकते. परंतु येथे एक गैरसमज टाळावयास हवा. नमुने दाट केल्याने खरखर कमी होते. आलेखाच्या वक्रतेपासून निघालेला संनादी कमी होत नाही. तो जितक्या वेळा मोजाल तितक्या वेळा तेवढाच सापडतो.

दोन बिंदूंची सरळ रेषा

वजने जुळविण्याची कटकट नको असेल तर एकच वजन ठेवावे. या विचारातून निघालेला परिवर्तक केवळ दोनच दाब जाणतो. दोन बिंदूंतून जाणारी रेषा सरळच असते. त्यामुळे आलेख वाकण्याचा प्रश्न तत्त्वतः उरत नाही. टोकियो विद्यापीठातील इनोसे व यासुदा यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये ही डेल्टा-सिग्मा पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी बेल प्रयोगशाळेतील सी. सी. कटलर यांनी चूक मागे फिरवून पुढील नमुन्यात भरून काढण्याच्या कल्पनेचे एकस्व मागितले होते. ते १९६० मध्ये मिळाले. दर सेकंदास लक्षावधी वेळा ‘वर’ किंवा ‘खाली’ असा कौल द्यावयाचा, प्रत्येक कौलाची चूक साठवावयाची आणि तिच्या आधारे पुढचा कौल ठरवावयाचा, असे तिचे स्वरूप आहे.

तरीही ही पद्धत निर्दोष ठरली नाही. आत येणारा संकेत स्थिर किंवा अत्यंत लहान असला म्हणजे कौलांची मालिका एखाद्या नमुन्यात अडकून पुन्हा पुन्हा तीच येते आणि शांततेत मंद शीळ ऐकू येते. उपाय अर्थातच डिदर. पण दोनच पातळ्या असलेल्या परिवर्तकात पुरेशी डिदर मिसळली तर तो पल्ल्याबाहेर जातो. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या, दर सेकंदास २८,२२,४०० एक-बिट नमुन्यांच्या तबकडीवर लिपशिट्‌झ व व्हॅन्डरकॉय यांनी २००१ मध्ये याच मुद्द्यावरून कठोर टीका केली. या वादातील तात्त्विक बाजू त्यांचीच बळकट होती, असे म्हणावे लागते. आजचे चांगले ध्वनि-परिवर्तक बहुधा मधला मार्ग धरतात: दोहोंऐवजी काही थोड्या पातळ्या, त्यांच्या समान वजनांची फिरती, आणि वर डिदर. त्यांची विकृती मूळ संकेताच्या लक्षांशाहून खाली गेलेली असते.

मंडलातील लहानसहान शत्रू

परिवर्तक उत्तम निवडला आणि भोवतालचे मंडल निष्काळजीपणे जोडले, तर केलेला खर्च वाया जातो. संकेत एका तारेवर न नेता दोन तारांवर परस्परविरुद्ध दिशांनी नेला व शेवटी त्यांची वजाबाकी घेतली, तर दोन्ही बाजूंस सारखेच उत्पन्न झालेले सम संनादी परस्परांस खाऊन टाकतात. विषम मात्र राहतात. नमुना धरून ठेवणाऱ्या स्विचचा रोध संकेताच्या दाबाप्रमाणे बदलत असेल तर तेथेच विकृती जन्मते. म्हणून स्विच चालविणारा दाब संकेताबरोबरच वर-खाली सरकत ठेवतात. काही सिरॅमिक धारित्रांची धारकता त्यांवरील दाबाप्रमाणे बदलते. संकेताच्या वाटेवर ती वापरू नयेत. संदर्भ दाब देणारे मंडल संकेताच्या ओढीने हलता कामा नये, कारण मोजपट्टीच ताणली गेली तर माप खरे कसे येणार?

नमुना घेण्याचा क्षणही अचूक हवा. २०,००० हर्ट्‌झचा पूर्ण पल्ल्याचा तरंग शून्याजवळ इतक्या वेगाने चढतो की, १६ बिटांच्या अर्ध्या पायरीपेक्षा कमी चूक हवी असेल तर घड्याळाचा ठोका सेकंदाच्या अब्जांशाच्या सुमारे आठव्या भागाइतकाच हलू शकतो. ठोका स्वैर हलला तर खरखर होते. वीजपुरवठ्यातून किंवा संकेतातूनच त्यास हिसके बसत असतील तर वर्णपटात रेषा उभ्या राहतात.

परिवर्तकाचे दोष एकदा मोजून संगणकात त्यांचा तक्ता ठेवणे व प्रत्येक आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करणे हाही मार्ग रूढ आहे. मात्र तापमान बदलले किंवा संकेताची कंप्रता बदलली की तक्ता जुना होतो.

परीक्षा

३०० हर्ट्‌झवरील ती रेषा तारेची की यंत्राची, हे ठरविण्यास महागडी साधने लागत नाहीत. दोन वेळा छेडलेले ध्वनी कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून एकाच ध्वनीचा संकेत परिवर्तकाच्या दोन मार्गांत एकाच वेळी द्यावा, एकात सरळ व दुसऱ्यात १० डेसिबेल क्षीण करून. दोन्ही वर्णपट शेजारी ठेवावेत. खरा पंचम असेल तर मूळ स्वर व तिसरा संनादी दोघेही १० डेसिबेलनेच खाली येतील व त्यांचे परस्पर प्रमाण कायम राहील. मूळ स्वर १० डेसिबेलने उतरून तिसरा संनादी ३० डेसिबेलच्या आसपास उतरला, तर तो आलेखाच्या वक्रतेचा आहे. आणि क्षीण केलेल्या मार्गात तो मूळ स्वराच्या तुलनेने उलट वाढलेला आढळला, तर पायऱ्यांकडे किंवा मध्यबिंदूच्या वजनाकडे संशय वळवावा.

परिवर्तकाचीच परीक्षा करावयाची असेल तर शुद्ध ज्या-तरंग देऊन वर्णपट काढतात. येथे कंप्रतेची निवड विचारपूर्वक करावी लागते. दर सेकंदास ४८,००० नमुने घेणाऱ्या परिवर्तकास नेमका १,००० हर्ट्‌झचा तरंग दिला, तर प्रत्येक आवर्तनात तेच अठ्ठेचाळीस दाब पुन्हा पुन्हा मोजले जातात. पायऱ्यांची चूक मग संनादींवरच गोळा होते आणि निर्दोष परिवर्तकही दोषी दिसतो. शिवाय उरलेल्या हजारो पायऱ्या तपासल्याच जात नाहीत. म्हणून ४,०९६ नमुन्यांत आवर्तनांची संख्या पूर्ण पण विषम, जसे १२७, बसेल अशी कंप्रता घेतात. मग प्रत्येक नमुना तरंगावरील निराळ्या ठिकाणी पडतो. असा वर्णपट खरखर दोन हजारांवर खणांत वाटून टाकीत असल्याने खरखरीची तळरेषा सुमारे ३३ डेसिबेल खाली दिसते, आणि तिच्यात एरवी बुडालेले संनादी वर येतात.

तरंग देणारे जनित्र परिवर्तकाहून शुद्ध असावयास हवे, हे सांगण्यास सोपे व मिळविण्यास कठीण आहे. तसे जनित्र हाती नसेल तर त्याच्या व परिवर्तकाच्या मध्ये केवळ त्या एकाच कंप्रतेस वाट देणारी अरुंद गाळणी बसवावी. तिच्यात लोहगाभ्याची वेटोळी वापरू नयेत, कारण लोहाचे चुंबकनही सरळ रेषेत वाढत नाही आणि गाळणीच तिसरा संनादी भरू लागते.